अंकपाश: पाटणपासून वडनेरपर्यंत

कापसाच्या बाजारात ७८४ हा आकडा कुणी कुणाला समजावून सांगत नाही. ७८४ पौंड रुई म्हणजे एक खंडी. आता ती ३५६ किलोंची धरतात, गाठ १७० किलोंची असते, पण रुईचा भाव आजही खंडीवरच निघतो. आमच्या वडनेरचा कापूस पिढ्यान्‌पिढ्या हिंगणघाटच्या बाजारात जातो. आधी बंडीनं जायचा, आता ट्रॅक्टरनं जातो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या दरम्यान, लिव्हरपूलच्या बाजारात हिंगणघाटचा कापूस नावानिशी विकला जात होता. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो याच काळात, १८६२ साली.

माझे बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. रुईचा हिशेब वेगळा, सरकीचा वेगळा, गाठींचे नंबर वेगळे, आणि या सगळ्याचा मेळ त्याच रात्री बसवायचा. खंडी ७८४ चीच का, हे त्यांनीच मला सांगितलं. मुंबईचा मण २८ पौंडांचा. इतर मालाची खंडी २० मणांची असे, कापसाची मात्र २८ मणांची. अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस. "पुरा वर्ग आहे बरं का हा," असं ते म्हणत, आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा खुलत असे. पुढे कॉलेजात मला कळलं की २८ ही संख्या स्वतःही साधी नाही. तिला भाग जाणाऱ्या लहान संख्या घ्या: १, २, ४, ७, १४. बेरीज पुन्हा २८. अशी संख्या ६ नंतर थेट २८ च, आणि तिच्यानंतर ४९६.

बाबांच्या पिढीला पाढे तोंडपाठ होते, आणि ते नुसते बे-तीनचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. शेर, पायली, कुडव, खंडी. अशा मापांच्या जगात पावकी-निमकीवाचून दुकानाची पायरी चढता येत नसे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पुढच्या वर्षापासून किलो-ग्रॅम येऊ लागले, आणि काही वर्षांतच औटकीचं काम संपलं. मी शाळेत गेलो तेव्हा गुरुजी ती म्हणून घेत होते, पण बाजारात ती कुणी वापरत नव्हतं. त्या पाठांतराबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी एक गोष्ट मी वर्गात आयुष्यभर सांगत आलो. बाजार आपल्याला गणित शिकवतो, पण गरजेपुरतं. ७८४ हा वर्ग आहे की नाही, यानं भावात एक पैशाचा फरक पडत नाही. तो प्रश्न बाबांना पडला, तो केवळ संख्येकडे बघून. असे प्रश्न विचारण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे, आणि गंमत म्हणजे एके काळी तिचा खर्च बाजारानंच उचलला होता.

चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीचं ठिकाण म्हणून लोक त्याला ओळखतात. तिथल्या शिलालेखात शके ११२८ चा उल्लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथे मठ उभारला, आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवानं त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख अभ्यासकांपुढे आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील जुन्या मराठीत कोरलेला आहे. ज्यांनी द्यायचं त्यांना कळायला हवं, म्हणून तो मराठीत असावा, असं मला वाटतं. पाटणच्या बाजारात माल विकला जाईल त्यावर राजाला मिळणारा हक्क मठाला दिला. आणि गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक-एक पळी तेल.

मला या एक पळी तेलाचं फार अप्रूप आहे. तेल्यानं घाण्यातून काढून दिलेल्या तेलावर भास्कराचार्यांची लीलावती, त्यांचं गणिताचं पुस्तक, शिकवली जात होती. त्या तेल्याला त्यातलं काही शिकायला मिळालं का, हे लेखात लिहिलेलं नाही. मिळालं असावं अशी माझी इच्छा आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा. लीलावती साधारण ११५० ची. तिच्यातली बागेतली कमळं, भुंगे, मोर आणि साप सगळ्यांना ऐकून माहीत असतात. पण पुस्तकाच्या शेवटी अंकपाश नावाचं छोटं प्रकरण आहे, आणि माझ्या मते ते सगळ्या पुस्तकात वरचढ आहे. तिथे विक्री नाही, व्याज नाही, धान्याची रास नाही. फक्त अंक आहेत आणि त्यांची मांडणी.

पहिलं उदाहरण: २ आणि ८ हे अंक घेऊन किती संख्या होतील, आणि त्यांची बेरीज किती? संख्या दोन, २८ आणि ८२. बेरीज ११०. बाबांचा २८ चा मण तिथे पहिल्याच ओळीत बसलेला बघून मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा आहे, म्हणून सांगितला. दुसरं उदाहरण ३, ९, ८ चं. सहा संख्या होतात, बेरीज ४४४०. इथवर कागदावर सगळ्या संख्या मांडून बेरीज करता येते. तिसऱ्या उदाहरणात भास्कराचार्य एकदम २ पासून ९ पर्यंतचे आठही अंक घेतात. आता संख्या होतात १ × २ × ३ × ४ × ५ × ६ × ७ × ८, म्हणजे ४०३२०. एका सेकंदाला एक संख्या लिहायची म्हटलं तरी न थांबता ११ तास १२ मिनिटं लागतील, आणि बेरजेला तर हातही लागलेला नसेल.

त्यांची रीत अशी. ४०३२० ला घरांच्या संख्येनं, म्हणजे ८ नं भागा: ५०४०. अंकांच्या बेरजेनं, म्हणजे २+३+४+५+६+७+८+९ = ४४ नं गुणा: २२१७६०. हा आकडा लिहा. त्याखाली तोच एक घर डावीकडे सरकवून लिहा, त्याखाली आणखी एक घर सरकवून, अशा आठ ओळी. मग बेरीज करा. याचं कारण समजायला सोपं आहे. ४०३२० संख्यांमध्ये प्रत्येक अंक एकं घरात ५०४० वेळा येतो, दहं घरात ५०४० वेळा, कुठल्याही घरात तितक्याच वेळा. कुणाला झुकतं माप नाही. म्हणून प्रत्येक घराची बेरीज सारखीच, ४४ × ५०४०. आठ ओळींची उतरंड म्हणजे २२१७६० ला ११११११११ नं गुणणं.

उत्तर येतं २४६३९९९९७५३६०.

ही संख्या मी फळ्यावर लिहितो आणि मुलांना वाचायला सांगतो. लाख-कोटीपाशी ती अडतात. मग एकं, दहं, शतं पासून म्हणायचं: सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म. त्यापुढे शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आमच्या लहानपणी परार्धापर्यंत म्हणवून घेत, पण त्यातलं महापद्म कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. इथे ते येतं. दोन महापद्म, चार निखर्व, सहा खर्व, तीन अब्ज, नव्याण्णव कोटी, नव्याण्णव लाख, पंचाहत्तर हजार, तीनशे साठ. मधले चार नऊ ओळीनं आले की वर्गात हमखास कुणीतरी हसतं.

याच प्रकरणात शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलाबदल करून किती मूर्ती होतील, असंही विचारलं आहे. उत्तर ३६२८८००. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या मूर्ती २४. संध्येतली केशव-नारायणापासूनची चोवीस नावं ती हीच. मूर्तिकाराला ठाऊक असलेली गोष्ट गणितात कशी मुरली आहे, ते यातून दिसतं.

पुढचा प्रवास मी थोडक्यात सांगतो. १५४५ साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली तिचं फारसीत भाषांतर केलं. १८१६ मध्ये जॉन टेलरचं इंग्रजी भाषांतर मुंबईत छापलं गेलं, आणि १८१७ मध्ये हेन्री कोलब्रुकचं लंडनला. हा कोलब्रुक १७९९ ते १८०१ मध्ये कंपनीचा वकील म्हणून नागपूरला दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या दरबारी होता. आमचा हा मुलूख तेव्हा भोसल्यांचाच.

मग विसाव्या शतकात हा धागा देवळालीत सापडतो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ ला ते बीएस्सी झाले. पुढची पदवी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. मी स्वतः गावच्या शाळेत गणित शिकवलं, म्हणून सांगतो. दिवसभर सहा तास घेऊन, वह्या तपासून घरी आल्यावर स्वतःचं गणित करायला बसणं म्हणजे काय, ते आमच्यातल्यालाच कळेल. कापरेकर ते आयुष्यभर करत राहिले आणि स्वतःच्या खर्चानं पुस्तिका छापत राहिले. आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हे पोरखेळ वाटले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. ही गोष्ट मला अजूनही बोचते.

त्यांची ६१७४ ही संख्या आता जगाला माहीत आहे. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात खेपांत ६१७४ येतं आणि तिथून हलत नाही. तीन अंकांना असाच मुक्काम ४९५ चा. आमच्या खंडीवर करून बघा: ८७४ − ४७८ = ३९६, ९६३ − ३६९ = ५९४, ९५४ − ४५९ = ४९५.

वडनेर हमरस्त्यावरचं गाव. पूर्वीचा सात नंबरचा, आताचा ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, नागपूरहून हैदराबादकडे जाणारा. दिवसरात्र ट्रक जातात आणि प्रत्येकाच्या पाठीवर चार अंक असतात. याहून चांगला गणिताचा पुरवठा कुठल्या शाळेला असेल? मुलं भिंतीआडून नंबर टिपतात आणि वहीत उतरवतात. ४०८१ घेतलेल्या पोट्ट्याची वही माझ्यापुढे आहे. ८४१० − ०१४८ = ८२६२. ८६२२ − २२६८ = ६३५४. ६५४३ − ३४५६ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. शेवटच्या ओळीखाली त्यानं पेन दाबून दोन रेघा मारल्या आहेत. "सर, हे तं पुन्हा तेच आलं!" हे वाक्य दर वर्षी नव्या तोंडून ऐकायला मिळतं आणि दर वर्षी मला तितकंच बरं वाटतं.

कापरेकरांचं आणखी एक काम अंकपाशाला थेट जाऊन भिडतं. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१. असं करत ११११११११ चा वर्ग १२३४५६७८७६५४३२१. या जातीच्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. डोंबिवली स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली, त्यावरून हे नाव. डोंबिवली, देवळाली, चाळीसगाव, वर्धा ही सगळी स्टेशनं एकाच जुन्या जीआयपी रेल्वेवरची. ती १८६७ साली नागपूरला पोचली, आणि वर्ध्याहून एक फाटा आमच्या हिंगणघाटला आला. डेम्लो संख्यांच्या मुळाशी असलेला आठ एकांचा ११११११११ म्हणजे तोच, ज्यानं भास्कराचार्यांनी २२१७६० ला गुणलं होतं.

तो फोडला तर ११११ × १०००१, आणखी फोडला तर ११ × १०१ × ७३ × १३७. २२१७६० मध्येही एक ११ आहे, ४४ मधून आलेला. म्हणून मोठ्या संख्येत ११ दोनदा येतो. सगळी संख्या फोडून मांडली की तिला नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या मोजता येतात. त्या २०१६ भरतात. तेरा अंकी संख्येनं इतक्या जणांना आत घेतलेलं असतं, हे वरून कळत नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी सहज तिच्या अंकांची बेरीज केली. २+४+६+३+९+९+९+९+७+५+३+६+० = ७२. आणि ७२ नं तिला भाग जातो. भागाकार ३४२२२२२१८८०, बाकी शून्य. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो, अशा संख्येला कापरेकरांनी हर्षद म्हटलं आहे. मग मी लीलावतीतली आधीची दोन उत्तरं घेतली. ११०: अंकांची बेरीज २, भागाकार ५५. ४४४०: बेरीज १२, भागाकार ३७०. तिन्ही हर्षद! ६१७४ सुद्धा हर्षद आहे. बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ × ७ × ७.

भास्कराचार्यांच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि त्याच प्रकरणात पुढे परत-परत येणारे अंक घेतलेली दोन उदाहरणं आहेत, ती हर्षद निघत नाहीत. २, २, १, १ ची बेरीज ९९९९ आणि ४, ८, ५, ५, ५ ची ११९९९८८. पण ९९९९ वेगळ्या नात्यानं कापरेकरांच्याच घरची आहे. तिचा वर्ग ९९९८०००१, आणि ९९९८ + ०००१ = ९९९९. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. आठशे वर्षांच्या अंतरानं दोघांनी त्याच दहा अंकांत हात घातला, आणि एकाच्या उत्तरांमध्ये दुसऱ्याच्या संख्या सापडल्या. माझ्यासारख्या मास्तराला एवढं पुरे आहे.

रविवारी सकाळी काही मुलं माझ्याकडे येतात. त्यांना मी विचारलं, भास्कराचार्यांनी १ सोडला, आपण तोही घेतला तर? १ ते ९, नऊ घरं. ९ अंकांच्या ३६२८८० संख्या, एका घराची बेरीज ४५ × ४०३२०, म्हणजे १८१४४००. नऊ ओळींची उतरंड करून मुलांनी उत्तर काढलं: २०१५९९९९९७९८४००. अंकांची बेरीज ८१. भाग जातो, २४८८८८८८८६४०० वेळा.

"मग हे नेहमीच होते का?" नववीतल्या एका मुलीनं विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनंच १ आणि २ घेतले. १२ अधिक २१, ३३. अंकांची बेरीज ६, भाग जात नाही. मला वाटलं, विषय संपला. पुढच्या रविवारी ती दोन अंकांचा सगळा प्रश्न संपवून आली. दोन अंकांची बेरीज घ्यायची आणि ११ नं गुणायचं, बाकी अंक कोणते याला महत्त्व नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. बेरीज ९ पर्यंत असेल तर उत्तरात तोच अंक दोनदा येतो आणि कधीच भाग जात नाही. १० आणि १२ ला जातो: ११० आणि १३२. ११, १३, १४, १५, १६, १७ ला नाही. म्हणजे वेगवेगळ्या दोन अंकांच्या सात जोड्या हर्षद: १-९, २-८, ३-७, ४-६, ३-९, ४-८, ५-७.

आता ती तीन अंकांवर आहे. तीन वेगवेगळे अंक घेतले तर बेरीज कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त २४, आणि दर वेळी २२२ नं गुणायचं. म्हणजे एकूण १९ बेरजा तपासायच्या. त्यातली २० ची भास्कराचार्यांनी ३, ९, ८ घेऊन करून ठेवली आहे, ४४४०. उरल्या १८.